ट्रान्सपोर्टची कॅसेट

झुंबरमामा गेला तवा पेठेत लोकं म्हणली, पणदऱ्याचा डीजेवाला गेला. आता डीजेवाला म्हणलं की डोळ्यापुढं काय येतं, ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर घरायवढं बॉक्स, खिडक्यांच्या काचा थरथरत्यात आन म्हातारी माणसं कानात बोळं घालून बसलीत. मामाचं तसं नव्हतं. कसं व्हतं ते सांगायचं तर आधी त्याच्या बापाचा ढोल सांगाय लागतो. ढोल सांगितल्याबिगर मामा कळायचा न्हाय.

मामाचा बाप म्हंजी गेणूआबा. धनगराची वस्ती आमची, पणदऱ्याच्या शिवारात. मागं घरात मेंढरं व्हती. मंग रानं समदी उसाखाली गेली, चारायला जागा राह्यली न्हाय, आबानं मेंढरं इकली. मेंढरं गेली तरी ढोल राह्यला. गजीचा, म्हंजी आमच्या धनगरी नाचाचा मोठा ढोल, एका अंगाला टिपरू मारायचं, दुसऱ्या अंगाला हाताची थाप. गळ्यात आडकवायचा दोर लोकरीचा. शेवटची मेंढरं कातरली त्या लोकरीचा आबानं सोता वळलेला. कुणी त्या दोराला नुसता हात लावला तरी आबा बघायचा.

वस्तीवर बिरोबाचं देऊळ हाय, लिंबाखाली. जत्रेला तितं ढोल वाजायचा, गडी फेर धरून नाचायचे, भंडारा उधळायचा आन देव आंगात यायचा. आबा म्हणायचा, "देव कोणबी आणतंय. उतरवायला ढोल्या लागतो." म्हंजी काय, तर जोरात वाजवलं की येणाराच्या आंगात येतं. पण वाजवणारा मधीच थांबला तर ते माणूस तसंच आडकून राहतंय, धड हितलं न्हाय, धड तितलं न्हाय. ज्या ठेक्यावर देव आला त्याच ठेक्यावर हळूहळू खाली आणायचा. भरल्या गाडीतनं म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून उतरवावं तसं. त्यात आबाचा हात धरणारा पंचक्रोशीत कोण नव्हता.

देव यायचा तो सारजाआत्याच्या आंगात. सारजाआत्या आबाची थोरली बहीण. नवरा वारला तशी माहेरी आलेली, समदी वस्ती तिला आत्याच म्हणायची. पण मेंढरं इकली त्या सालापासनं देव तिच्याकडं यायचा थांबला. दर जत्रंला ती न्हाऊन, कपाळाला भंडारा लावून ढोलाम्होरं उभी राहायची. आबा घामाघूम व्हईस्तवर वाजवायचा. काय न्हाय. मंग ती पदर सावरून गप घरी यायची आन चुलीम्होरं बसायची. "मेंढरं इकली, रुसलाय त्यो," यवढंच म्हणायची. आबा तिच्याकडं बघायचा न्हाय.

झुंबरमामा ह्या घरातला एकलाच पोरगा. त्याच्या मागं मनिषा, आमची आई. ढोल मामाच्याच गळ्यात जायचा, ते त्याच्या जन्माआधीच ठरलेलं. पण बारकं आसताना गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना त्याचा डावा हात आत गेला. आंगठा वाचला, करंगळी वाचली, मधली बोटं गेली. हात बरा झाला. थाप मारायला पंजा पायजे, त्यो राह्यला न्हाय. आबानं ढोल खुटीवरनं काढला आन उंच आढ्याला टांगला, पोराचा हात पोचू नये आसा.

मामाला जल्मभर एकच पायजे व्हतं. आबानं एकदा त्यो लोकरीचा दोर त्याच्या गळ्यात घालावा. ते त्यानं कवा कुणाला बोलून दावलं न्हाय, पण आईला ठावं व्हतं. आबा रानात गेला की ह्यो गडी उपड्या पाटीवर चढायचा, ढोलाला कान लावायचा आन उजव्या बोटानं टिचकी मारायचा. आई खाली राखण करायची.

ढोल न्हाय तर न्हाय, मामा इंदापूरला गेला. नव्वद-एक्क्याण्णव साल आसंल. स्टँडच्या मागं मुक्ताबाईचं मंडप-स्पीकरचं दुकान व्हतं. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं सांभाळलेलं. त्वांड आसं की दारात कावळा बसायचा न्हाय, पण मन मेणाचं. मामा दारात उभा राह्यला तशी तिनं आधी त्याचा हात बघितला.

"काय येतं तुला?"

"कायबी सांगा."

"कायबी म्हणणाऱ्याला काय येत नसतंय. कुणाचा हायेस?"

"पणदऱ्याचा. धनगराचा."

तिनं म्होरं वायरीचा गुंता टाकला. वराती करून करून वायरीची पार गोधडी झालती. मामा खाली बसला, एक टोक धरलं आन बाप दोर गुंडाळायचा तशी कोपराला वळसा घालून गुंडाळाय लागला. बोटं कमी आसलेल्या हाताचाच त्यानं आकडा केला, वायर त्यात आडकवली. बाई बघत राह्यली.

"मेंढरं वळायचा आता वायरी वळतोय," ती म्हणली. "रहा. पण चहा तूच करायचा."

तितंच मामा शिकला. कर्णा कुठं बांधायचा, अॅम्प्लिफायरला कवा उसंत द्यायची, भाषण करणारा माईकला फुंकर मारतो तवा मनात काय म्हणायचं, समदं.

आन तितंच ती कॅसेट आली. हायवेला ट्रका थांबायच्या. एक दिवस दादासाहेब म्हणून डायवर दुकानात शिरला, सांगोल्याकडचा, ट्रान्सपोर्टच्या गाडीवर. हातात कॅसेट, तिची आतडी बाहेर आलेली. टेपनं खाल्लेली.

"व्हतंय का बघा. न्हाय झालं तर टाका."

मामानं पेन्सिल घालून पट्टी आत गुंडाळली, जितं तुटलती तितं चिकटपट्टीनं जोडली. डायवर म्हणला, "ठेव तुलाच. गोव्यावरनं येताना दोन गोरी पोरं बसवली व्हती, त्यांनी दिली. एकदा लावली तर घाट कवा संपला कळलंच न्हाय मला. भ्या वाटलं. नगं आपल्याला."

कॅसेटीवर इंग्लिशमधी पेनानं कायतरी लिहिलेलं. मामाची इंग्लिश एसटीच्या पाटीपुरती. त्यानं एकेक अक्षर लावलं, टी, आर, ए, एन, आन पुढचं घामानं पुसलेलं. बाहेर दादासाहेबाच्या ट्रकावर बघितलं तर तीच अक्षरं, तशीच, वळीनं. ट्रान्सपोर्ट. मामा म्हणला, बराबर हाय, ट्रान्सपोर्टवाल्यांची कॅसेट दिसतीय. त्यानं तिच्यावर मराठीत ठळक लिहून टाकलं, ट्रान्सपोर्ट. तवापासनं तिचं नाव ते पडलं ते आजपातूर.

दुपारची गिऱ्हाईकं नव्हती. मुक्ताबाई आडवी झालती. मामानं कॅसेट लावली. धाड, धाड, धाड, धाड. म्हणला, आता गाणारा येईल. येईना. नुसतं बारीक बारीक कायतरी येतंय, जातंय, पण धाड धाड काय थांबंना.

मुक्ताबाई डोळं न उघडता म्हणली, "आरं, गाणं कवा लागायचं? मगाधरनं नुसती गिरणच चाललीय."

"येईल बाई."

"पीठ सांडंल कुणाचं तरी."

एक बाजू संपली, त्यानं दुसरी लावली. गाणं काय आलं न्हाय. पण मामा उठला बी न्हाय. त्याचा पाय हालत व्हता. हे आपण ऐकलेलं हाय, त्याला वाटलं, पण कुठं. मंग कळलं. शब्द न्हायतच, पण आबा गजी वाजवतो तवा तरी शब्द कुठं आसत्यात? एकच ठेका धरायचा, सोडायचाच न्हाय, आन ऐकणाऱ्याला कळू न देता हळूच त्यात एक थाप वाढवायची. माणूस नाचतोय तवा त्याला वाटतंय आपूनच वाढलो. ह्या कॅसेटीत तेच व्हतं. कुठल्या मुलखातली माणसं, कसली मशीन, आन आत बसलाय आमच्या लिंबाखालचा ढोल. मामाच्या आंगावर काटा आला. ते सांगतानाबी त्याच्या हातावरची लव उभी राहायची, आमी बघितलीय.

त्यो भोळा, त्याला वाटलं जगाला आवडंल. भवानीनगरला कारखान्यातल्या एका माणसाच्या पोराची वरात व्हती, तितं त्यानं मधीच ट्रान्सपोर्ट लावली. पोरं जरा येळ नाचली, मंग एकमेकाकडं बघाय लागली, मंग उभी राह्यली. घोडाबी उभा राह्यला. नवरदेवाचा चुलता वजनकाट्यावर कामाला, आंगानं काट्यावरच्या गाडीवाणी, त्यो आला आन टेपवर एक बुक्की मारली.

"कॅसेट आडकली तुझी."

"न्हाय तात्या, तशीच हाय ती."

"तशीच हाय म्हंजी? आडकलेली इकत घेतली व्हय?"

समदी वरात हासली. मुक्ताबाईला दुसऱ्या दिवशी कळलं. ती म्हणली, "आरं, माणसाला वळखीच्या रस्त्यानं न्यावं, मंग हळूच आडवाटंला लावावं. एकदम आडरानात घातल्यावर घोडं थांबणारच."

ते मामानं धरलं. बाईनं त्याला दुसरा टेप दिला. एकावर लोकांच्या वळखीचं गाणं लावायचं, ते संपत आलं की दुसऱ्यावर ट्रान्सपोर्ट, आवाज आगदी बारीक, गाण्याच्या ठेक्याला ठेका जुळवून. गाणं कवा गेलं आन ट्रान्सपोर्ट कवा आली ते नाचणाऱ्याला कळायचंच न्हाय. घामाघूम झाली की परत गाणं. ठेका जुळंना तर टेपच्या चाकाला करंगळी लावायचा, राहिलेली करंगळी, आन गती जरा मागं धरायचा. असलं कुणी शिकवलं न्हाय त्याला. बारामतीत एका सुताराकडनं मोठं बॉक्स करून घेतलं, कॅसेटीच्या कापी काढल्या. लगनसराईत लोकं यायची, "ते मधलं लावा, बिनशब्दाचं." पुण्याच्या कुण्या पावण्यानं त्याला डीजे म्हणलं आन बॉक्सवर रंगात लिहिलं गेलं, डीजे झुंबर. काम सुरू करायच्या आधी मामा टेपला भंडारा लावायचा आन तीन नावं घ्यायचा, बिरोबा, मुक्ताबाई, दादासाहेब डायवर. गोऱ्या पोरांची नावं ठावी नव्हती म्हणून "आन ती दोघं" म्हणायचा.

आबाला कुणीतरी म्हणलं, झुंबर लई नाव काढतोय. आबा म्हणला, "बटण दाबतोय. बटणाला घाम येतो का?"

हे मामाच्या कानावर आलं. त्या दिशी वायरी लई येळ गुंडाळत बसला, मुक्ताबाईनं सांगितलं.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आईचं लगीन ठरलं. आई हटून बसली, माझ्या हळदीला दादाचाच स्पीकर लागला पायजे. आबा न्हाय म्हणला. आईनं जेवण सोडलं. बनाबाई, म्हंजी मामाची आई, ती दोघांच्या मधी भाकरीचं ताट घिऊन हिकडनं तिकडं फिरली. शेवटाला आबा म्हणला, "लावा. पण बॉक्साचं तोंड देवळाकडं करायचं न्हाय." मामानं बॉक्स उसाकडं तोंड करून ठेवले. मुक्ताबाईनं मंडप फुकट धाडला, वर चहाची भांडी.

सकाळच्या पारी हळद दळून झाली, म्हाताऱ्यांच्या ओव्या झाल्या, आईला पाटावर बसवून हळद लावली. मंग पोरं म्हणली लावा आता. मामानं गाणं लावलं, त्यातनं हळूच ट्रान्सपोर्ट आणली. बायका नाचाय लागल्या, समद्यांची त्वांडं हळदीनं पिवळी. आबा लिंबाखाली पाठ करून बसलता. सारजाआत्या मांडवाच्या मेढीला टेकून पान कुटत व्हती. खलबत्त्यात तिचा हात चालला व्हता, ठकठक, ठकठक, आन बघता बघता ती ठकठक कॅसेटीच्या ठेक्यावर गेली. मंग खलबत्ता थांबला. आत्या डुलाय लागली.

बनाबाईनं पहिलं बघितलं. "आवं," ती म्हणली, "आत्याच्या आंगात येतंय."

आत्या उठली. आंबाडा सुटला. पाय गजीचा पडाय लागला, आगदी जुना, तरण्यापणीचा पाय. नाचणाऱ्या बायका मागं सरल्या. कुणीतरी भंडारा म्हणून हळदच उधळली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं." म्हाताऱ्यांच्या डोळ्याला पाणी आलं, यवढ्या वर्सानं देव आला म्हणून. आन मामाला घाम फुटला. ढोलाबिगर देव आला, ते बी आपल्या टेपवर. त्यानं बापाकडं बघितलं. आबा उठून उभा व्हता. मामाचा हात बटणाकडं गेला.

"बंद करू नगं," आबा तितनंच वरडला.

मामानं हात काढला, आन लाईट गेली.

आता ह्याला कोण काय करणार? हिरीवरच्या मोटारी थांबल्या, टेप थांबला, सारं शिवार गप झालं. नुसता उसाचा सळसळाट. आन मधी आत्या, एक पाय आर्धा उचललेला, डोळं वर, दातखिळी बसलेली, सगळं आंग थरथरतंय. ना नाचती, ना खाली बसती. श्वास वर आडकल्यावाणी.

"कॅसेट आडकली आन देवबी आडकला," गर्दीतनं कोणतरी बोललं. ह्या येळला कोण हासलं न्हाय. दुसरं म्हणलं, "देवाचा खेळ केल्यावर दुसरं काय व्हणार." बनाबाई पदर तोंडात घालून रडाय लागली. पाटावर आई, हळदीच्या आंगानं, उठावं का बसावं कळंना. मामा टेपपाशी दगड झालता. त्याच्या मनात एकच, आत्याला काय झालं तर आबाचं त्वांड परत दिसायचं न्हाय.

आबा घरात गेला. आढ्याचा ढोल काढून गळ्यात घालून आला आन गजी धरली, त्याची नेहमीची. आत्या शांत व्हायच्या जागी आणखी ताठली. त्यानं ठेका बदलला. तिनं मान झटकली, तोंडातनं फेस आला. आबाचे हात थांबले. त्याला कळलं. देव ह्या ठेक्यावर आलेलाच न्हाय, मंग ह्या ठेक्यावर उतरंल कसा?

त्यो मामाकडं वळला. "त्यो ठेका सांग."

"तोंडानं सांगू?"

"तोंडानं ठेका व्हतो व्हय?"

आन आबानं मान वाकवून लोकरीचा दोर काढला आन मामाच्या गळ्यात घातला. टिपरू त्याच्या उजव्या हातात दिलं. सोता डाव्या अंगाला जाऊन उभा राह्यला, ढोलाच्या त्या तोंडावर पंजा ठेवला.

"टिपरू तुझं," म्हणला. "डावा मी."

मामानं धरला ठेका. धाड, धाड, धाड, धाड. आबानं थाप घातली ती गजीच्या वळणानं घातली, सवयच ती. मोडलं. परत धरलं, परत मोडलं. तवा मामा बापाला म्हणला, आन हे आईनं सोता ऐकलंय, "आबा, मधी वळायचं न्हाय. सरळ चालायचं. रस्ता दिसला तरी वळायचं न्हाय."

आबानं मान हालवली. सरळ चालला. दोन टिपऱ्यांच्या मधी जी जागा राहती तितं त्याची थाप बसाय लागली, बारीक, एकसारखी. ढोल एक, माणसं दोन, आन आवाज एकाच माणसाचा. आत्याचा उचललेला पाय खाली आला. मंग दुसरा उचलला. ती चालाय लागली, ठेक्यावर.

"आता उतरव," आबा म्हणला.

मामाला ते येत नव्हतं. कॅसेट कुठं उतरती? त्यानं आजपातूर नुसतं बटण बंद केलं व्हतं. ते त्यानं डोळ्यांनीच सांगितलं बापाला. आबानं थापेचा जोर इतका कमी केला, की कमी केला का न्हाय कळू नये. मामानं तेवढाच कमी केला. परत थोडा. ठेका तोच ठेवायचा, जोर तेवढा काढून घ्यायचा. आबा म्होरं, मामा मागं, आसं करत करत दोघं खाली आले. शेवटाला टिपरू नुसतं कातड्याला टेकत व्हतं. आत्या मेढीपाशी आली, खाली बसली, पदर डोक्यावर घेतला. मंग बनाबाईकडं बघून म्हणली, "पाणी दे गं."

पाणी पिली. त्वांड पुसलं. चेहरा आसा झालता, आई म्हणती, जशी कोण लांबच्या गावाला जाऊन माहेरच्या माणसाला भेटून आलीय.

"आलता गं," ती म्हणली. "रुसला न्हाय त्यो. वाट ईसारलाता." मंग इकडं तिकडं बघून इचारलं, "ढोल कुणाचा व्हता? गेणू, तुझा न्हाय त्यो हात."

आबानं कपाळाचा घाम पुसला.

"झुंबरचा," म्हणला.

यवढंच. आई पाटावर हळदीच्या तोंडानं रडली, तिची हळद पार वघळली, ती परत लावाय लागली. मामा ढोल गळ्यात घिऊन उभाच. कुणी काढ म्हणलं न्हाय, त्यानं काढला न्हाय.

तेवढ्यात लाईट आली. टेप चालूच राह्यलेला, त्यो आधी रेड्यावाणी हंबरला आन मंग धाड धाड सुरू. समदी माणसं दचकून आत्याकडं बघाय लागली. मामा ढोलासकट टेपकडं पळाला.

"हळू," आबा वरडला. "हळू बंद कर, गाढवा."

आत्या पान तोंडात टाकत म्हणली, "त्या टेपला आधी जेवू घाला. सकाळपासनं वरडतोय त्यो."

त्या दिवसापासनं जत्रंला ढोल दोघं वाजवायची. दोर मामाच्या गळ्यात, डावा आबाचा. आन मामानं कामाची एक रीत धरली, ती मरंस्तवर मोडली न्हाय. कसलाबी कार्यक्रम आसू द्या, पोलिस येऊ द्या न्हायतर पाऊस येऊ द्या, त्यो टेप मधी तोडायचा न्हाय. हळूहळू आवाज काढून घ्यायचा, नाचणारी माणसं आपली आपण चालत्या पायावर येऊन, घाम पुसत घरला जायची. दुसऱ्यांच्या वराती संपल्या की भांडणं लागायची. मामाच्या वरातीत कवा लागली न्हायती. लोकं म्हणायची, झुंबर चढवतोबी आन उतरवतोबी. लाईटीचा भरवसा न्हाय म्हणून बॅटरी मातर कायम जोडून ठेवायचा.

पुढं एकदा दादासाहेब डायवर इंदापूरला परत आला. मामानं त्याला एसटीत घालून पणदऱ्याला जेवायला आणला. आबाच्या पायाशी कॅसेट ठेवली, म्हणला ह्याची ही. दादासाहेबानं वरचं नाव वाचलं आन आडवा झाला हासून.

"आरं, ट्रान्सपोर्ट कसलं? ट्रान्स. नुसतं ट्रान्स. ती गोरी परत भेटली व्हती, मी इचारलं त्यांना. त्यांच्यात आंगात येण्याला ट्रान्स म्हणत्यात. त्यासाठीच वाजवत्यात ते, समुद्राच्या काठाला, हजार माणूस."

आबा भाकरी मोडत व्हता, त्याचा हात थांबला. त्याला त्या पोरांची खरंच काळजी लागली.

"हजार माणूस," म्हणला. "आन उतरवायला कोण आसतं त्यांच्यात?"

दादासाहेबाला ते इचारायचं सुचलं नव्हतं.

"आमचं पोरगं चांगलं हाय म्हणावं," आबा म्हणला, "पायजे तर झुंबरला धाडतो."

मामा उठून बाहेर गेला. हात धुवायला म्हणून गेला आन बराच येळ आला न्हाय.

आबा गेला, आत्या गेली, दोघंबी शांतीनं. कॅसेटी जाऊन काय काय मशिनी आल्या, मामानं समद्या घेतल्या, पण ती एक कॅसेट आन त्यो जुना टेप कपाटात ठेवला. ह्या साली बारामतीच्या एका मांडवात वायर गुंडाळता गुंडाळता मामा बसल्या जागी गेला. वळसा कोपरावरच व्हता. ना दुखलं, ना खुपलं, ना कुणाला बोलला. लोकं म्हणली, चांगलं मरण. आसंल. पण मागच्यांचं कसं, एकदम लाईट गेल्यासारखं. आठ दिवस झाले तरी घरात कोण धड रडलं न्हाय, कोण धड जेवलं न्हाय. जो तो हातातलं काम हातात धरून उभा.

दहाव्याला मुक्ताबाई आली इंदापूरवरनं. लई थकलीय, नातवानं धरून आणली. ती म्हणली, "त्याची गिरण लावा गं एकदा."

आईनं कपाटातनं टेप काढला, भंडारा लावला, नावं घेतली, बिरोबा, मुक्ताबाई, दादासाहेब डायवर, आन ती दोघं. मंग एक नाव तिनं वाढवलं, झुंबर. कॅसेट लावली. बॉक्साचं तोंड ह्या खेपंला देवळाकडं केलं. धाड, धाड, धाड, धाड. समदी वस्ती आंगणात बसून ऐकत व्हती. आढ्याचा ढोल खाली उतरवून ठेवलाता, त्याचं कातडं आपलं आपण थरथरत व्हतं.

जरा येळानं मुक्ताबाई डोळं न उघडता म्हणली, "आरं, गाणं कवा लागायचं?"

आन समद्यांना हासू आलं, आन हासता हासता रडू आलं, पोटभर, जसं यायला पायजे व्हतं तसं. आईनं रडू दिलं. बाजू संपत आली तशी तिनं बटणावर हात ठेवला आन आवाज खाली घेत गेली, हळूहळू, कमी केला का न्हाय कळू नये इतका. मंग चुलीवर भात ठेवला आन समदी जेवाय बसली.